पाचव्या डुलकीची डिस्क

माझ्या आत्याने सव्वीस वर्षं लोकांना झोपवलं. असं म्हटलं की ऐकणारा जरा सावरून बसतो, म्हणून लगेच खुलासा करते. ती एका मोठ्या रुग्णालयात झोपेच्या तपासणी विभागात तंत्रज्ञ होती. ज्यांना दिवसाढवळ्या, जेवताना, बोलताना, गाडी चालवताना झोप येते, अशी माणसं तिथे येत. सकाळी नऊला माणूस आला की आत्या त्याच्या डोक्याला, हनुवटीला आणि डोळ्यांच्या कडांना पेस्ट लावून बारीक तारा चिकटवायची. निळसर पडद्यांच्या खोलीत त्याला आडवं करून दिवा मालवायची आणि म्हणायची, "आता झोपायचा प्रयत्न करा." मग काचेपलीकडे बसून पडद्यावर सरकणाऱ्या रेघा बघायची. वीस मिनिटांनी उठवायची, दोन तासांनी पुन्हा झोपवायची. दिवसाला पाच डुलक्या. संध्याकाळी तारा काढून, केसांतली पेस्ट कोमट पाण्याने पुसून ती त्या माणसाला घरी पाठवायची.

नोकरीमुळे मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा ती निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. तरीही जेवताना ती झोपलेल्या माणसांबद्दल बोलायची. धिप्पाड गडी अंगठा मुठीत धरून कसे झोपतात. एक शिक्षिका झोपेत बोटांनी गादीवर काहीतरी मोजायची. झोप लागायच्या आधी माणसाच्या कपाळावरून काहीतरी निघून जातं, टेबलावरचा चुरा कोणी हलक्या हाताने झाडावा तसं, असं ती म्हणायची. हे सांगताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा.

ती स्वतः मात्र दुपारी झोपत नसे. सव्वीस वर्षं दुपारी जागं राहायचं, तेही इतरांना झोपलेलं बघत, म्हणजे शरीराला तसं वळण पडतंच. दोन ते चार ती घरात पावलं न वाजवता फिरायची. कप उचलला तर बशीला लागू द्यायची नाही. आतल्या खोलीत कोणीतरी झोपलंय आणि आपण त्याची राखण करतोय, असं वाटावं. आतल्या खोलीत कोणी नसायचं. सुट्टीच्या दिवशी मी हे बघायचे आणि माझ्याच डोळ्यांवर झापड यायची.

एका सकाळी विभागातल्या जुन्या कारकुनाने तिला एक पाकीट पाठवलं. कपाटं रिकामी करताना सापडलं, तुमचं आहे म्हणून फेकलं नाही, अशी चिठ्ठी होती. आत एक डिस्क. वर निळ्या शाईत लिहिलेलं: प्रशिक्षणार्थी, पाचवी डुलकी. खाली सत्तावीस वर्षांपूर्वीची तारीख.

आत्याने ती डिस्क उलटसुलट करून बघितली. मग तिने मला त्यामागची हकिगत सांगितली.

विभागाच्या प्रमुख तेव्हा मोठ्या बाई होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणायचे, अगदी डॉक्टरसुद्धा. त्यांचा नियम असा, की नव्या तंत्रज्ञाने पेशंटला हात लावायच्या आधी एक दिवस स्वतः तारा लावून पाच डुलक्यांची चाचणी द्यायची. आत्यानेही दिली. पहिल्या चार वेळा ती टक्क जागी होती. पाचव्या वेळी झोप लागली. संध्याकाळी तिने आपला कागद बघितला, तर 'इतर नोंदी' या रकान्यात मोठ्या बाईंच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता: बोलली.

काय बोलले मी, असं आत्याने विचारलं. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, कामाला लाग. पुढे पंधरा वर्षं दोघी एकाच काचेमागे बसल्या. आत्याने अधूनमधून विचारलं, गमतीत विचारलं, एकदा तर चिडूनही विचारलं. बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. स्वतःची झोप स्वतः बघायची नाही, हाही त्यांचाच दंडक, त्यामुळे चित्रण बघायला मिळालं नाही. मग बाई निवृत्त होऊन लेकीकडे दूरच्या गावी गेल्या. फोन महिन्याचे वर्षावर आले आणि डिस्क कपाटात राहून गेली.

"काहीतरी भलतंच बोलले असणार," आत्या म्हणाली. "नाहीतर सांगितलं असतं ना त्यांनी."

घरात तिचा जुना संगणक होता. त्याच्या पोटात डिस्कचा ट्रे होता, जो गेल्या कित्येक वर्षांत कोणी उघडला नव्हता. बटण दाबल्यावर तो कुरकुरत बाहेर आला. आत्याने डिस्क दोन बोटांनी कडेला धरून ठेवली. ट्रे आत गेला. हिरवा दिवा लुकलुकला. आतून घुर्र असा आवाज आला, मग टिक, टिक, मग पुन्हा घुर्र. तीनदा असं झालं आणि सगळं शांत झालं. पडद्यावर अक्षरं आली: कृपया डिस्क घाला.

"घातलीय ना," आत्या पडद्याला म्हणाली.

आम्ही ती काढून पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. घरातल्या दोन-चार जुन्या डिस्क घालून बघितल्या, त्याही त्याला दिसेनात. मी संगणक बंद करून चालू केला. यंत्रांच्या यादीत जाऊन डिस्क वाचणाऱ्या ड्राइव्हचं नाव काढून टाकलं आणि पुन्हा सुरू केल्यावर त्याने ते स्वतःहून परत घेतलं. नाव आलं, चिन्ह आलं, पण डिस्क काही येईना. दोन दिवस मी नेटवरचे सल्ले वाचून काय काय केलं आणि शेवटी हात टेकले. आत्या तेवढा वेळ बाजूला स्टुलावर बसून तो आवाज ऐकत होती. ड्राइव्ह झोपेत चाचपडल्यासारखा वाटतोय, असं म्हणाली.

आमच्या गल्लीच्या टोकाला, एका जिन्याखाली, दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे चिमटा म्हणत. माणूस दरवाजाएवढा, आणि शर्टाच्या खिशात कायम चार इंचांचा चिमटा. साठीच्या आतबाहेरचा असेल. त्याच्या हाताखाली कोणी नव्हतं आणि त्याला ते चालत होतं. दुकानात एक लांब बाक, एक दिवा, भिंतभर लहान लहान खण आणि गिऱ्हाइकासाठी एक जुनी खुर्ची, जिची गादी मधोमध खोल गेली होती. स्पिरिटचा आणि तापलेल्या धातूचा वास यायचा. जिन्यावरून कोणी गेलं की छतातून पावलं ऐकू यायची, त्यापलीकडे रस्त्याचा आवाज फारसा पोचत नसे.

आत्या संगणकातून काढलेला ड्राइव्ह पिशवीत घालून एकटीच गेली. पुढचं बरंचसं मला तिने आणि त्याने नंतर सांगितलं.

चिमट्याने आधी तिला नवा, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्या असं सुचवलं. हे आता कोणी दुरुस्त करत नाही, म्हणाला. आत्याने ते ऐकून घेतलं आणि विचारलं की याला नेमकं झालंय काय. असं विचारणारं गिऱ्हाईक त्याला बऱ्याच दिवसांनी भेटलं असावं. त्याने दिवा जवळ ओढला.

आधी त्याने ड्राइव्ह आपल्या संगणकाला दुसऱ्या केबलने जोडून बघितला, म्हणजे दोष तारेत आहे की यंत्रात ते कळतं. दोष यंत्रातच होता. मग कारखान्यात छापलेली एक डिस्क घातली. ती बऱ्याच खटपटीनंतर दिसली. घरी लिहिलेली घातली, ती दिसली नाही. मग त्याने चार स्क्रू काढून झाकण उघडलं आणि आतली भिंगाची टिकली दाखवली, मसुरीच्या डाळीएवढी. ही वरखाली होऊन डिस्क शोधते, त्याने सांगितलं. नजर बसली तर वाचते. तीनदा प्रयत्न करूनही बसली नाही, तर समोर काही नाहीच असं धरून चालते.

"आणि समोर तर असतं," आत्या म्हणाली.

"असतंच ताई. त्याला दिसत नाही इतकंच."

झाकण उघडं ठेवूनच त्याने डिस्क फिरवली. घुर्र, टिक, टिक. थांबलं. पुन्हा घुर्र. डिस्कच्या पाठीवर दिव्याचा उजेड पडून भिंतीवर रंगीत पट्टा फिरू लागला, हळूहळू, खणांच्या मुठींवरून, मग आत्याच्या हातावरून. ती त्या खोल गेलेल्या गादीत बसून बघत होती. पट्टा दुसऱ्यांदा हातावर आला एवढं तिला आठवतं.

स्वप्नात ती पाण्याखाली होती. पाणी कोमट, फिकट हिरवं, आणि त्यात पलंग तरंगत होते. प्रत्येक पलंगावर तिचा एकेक जुना पेशंट, डोळे मिटलेला. कोणाच्याही डोक्याला तारा नव्हत्या. ती त्यांच्यामधून चालत होती, पाय तळाला लागत नव्हते, आणि कोणालाही उठवायचं नव्हतं. ती शिक्षिकाही होती. तिची बोटं मोजत होती, पण मोजता मोजता थांबली, आकडा पूर्ण झाल्यासारखी. वर कुठेतरी, पाण्याच्या पलीकडे, कोणीतरी जिना चढत होतं.

ती जागी झाली तेव्हा सव्वा तास उलटला होता. गालावर पिशवीच्या बंदाचा वळ, चष्मा मांडीत. चिमटा पाठमोरा बसून काम करत होता. तिने घाईघाईने पदर सावरला, उशीर झाला म्हणून पुटपुटली आणि निघाली. त्याने वर न बघता सांगितलं की भिंगावर धूळ आहे, साफ करतो, उद्या या.

दुसऱ्या दिवशी ती गेली. तिसऱ्या दिवशीही. रोज दोनच्या सुमारास घरातून निघायची आणि चारला परतायची. मी विचारलं तर म्हणायची, अजून होतंय. भिंग साफ केलं, फरक पडला पण पुरेसा नाही. आता तो आणखी काहीतरी बघतोय. तिचा चेहरा मात्र बदलत चालला होता. डोळ्यांखालची सावली फिकट झाली. संध्याकाळी ती गुणगुणायला लागली, आणि एकदा कप चक्क बशीवर आपटला. मला वाटलं, कामात गुंतल्यामुळे असेल.

दहाव्या दिवशी मला सुट्टी होती. म्हटलं, चला, आपणही बघून येऊ त्या ड्राइव्हचं काय चाललंय. मी जिन्याखाली वाकून आत डोकावले.

आत्या खुर्चीत गाढ झोपली होती. मी तिला तशी कधी बघितलेलीच नव्हती. हात मोकळे, तोंड किंचित उघडं, चेहऱ्यावरून तो चुरा खरोखरच झाडला गेलेला. बाकावर एक उघडा ड्राइव्ह स्वतःशीच चालू होता: घुर्र, टिक, टिक. चिमटा शेजारी बसून कुठलासा रेडिओ खोलत होता. मला बघून त्याने बोट ओठांवर ठेवलं.

मी जवळ गेले. चालू असलेला ड्राइव्ह आमचा नव्हता. आमचा करडा होता, हा काळा. मी खुणेने विचारलं. तो थोडा घुटमळला, मग त्याने एक खण उघडला. आत आमचा ड्राइव्ह स्वच्छ पुसून, फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला होता.

"झालाय," तो कुजबुजला. "चौथ्या दिवशीच झाला."

"मग हा?"

"हा भंगारातला. हा होणार नाही कधी." त्याने खाली बघितलं. "आवाज तोच आहे."

मी तेव्हाच तिला उठवायला हवं होतं. उठवलं नाही. एक खोकं पालथं घालून त्यावर बसले आणि आम्ही दोघंही पाऊण तास काही न बोलता बसून राहिलो. तो काळा ड्राइव्ह नसलेली डिस्क शोधत राहिला. जिन्यावरून कोणीतरी दोनदा गेलं. मला वाटतं, मधे थोडा वेळ मीही झोपले.

घरी जाताना मात्र माझ्याने राहवेना. मी सगळं सांगितलं. आत्या रस्त्याच्या मधोमध थांबली. सायकलवाला घंटी वाजवत वळसा घालून गेला तरी हलली नाही.

"काम झाल्यावरही सहा दिवस तो मला झोपलेली बघत होता," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांत मी एकाही माणसाकडे त्याची सही घेतल्याशिवाय बघितलं नाही. एकाही नाही."

मी म्हटलं, तो बघत नव्हता, रेडिओ दुरुस्त करत होता. त्याचा उपयोग झाला नाही. त्या रात्री ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पावलं न वाजवता फिरायला लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. ड्राइव्ह आणायलाही ती जाईना, आणि मलाही जाऊ देईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. चिमटा उभा होता, हातात ड्राइव्ह. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागली. बसवून देतो, एवढंच म्हणाला. आत्याने बोटाने संगणक दाखवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

स्क्रू फिरवता फिरवताच त्याने काय बिघडलं होतं ते सांगितलं. त्याला कोणी विचारलं नव्हतं. भिंगावर धूळ होतीच, पण खरा दोष वेगळा. भिंग ज्या दांड्यावरून सरकतं त्यावरचं ग्रीस वाळून घट्ट झालं होतं. डिस्कवर काय काय आहे याची यादी अगदी आतल्या काठाशी लिहिलेली असते, आणि भिंग तिथवर पोचायच्या आधी तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर अडत होतं. जुनं ग्रीस पुसून नवं लावलं, झालं. शेवटचा स्क्रू घट्ट करून उभा राहिला.

"झाला त्याच दिवशी तुम्हाला सांगायला हवं होतं," तो आत्याच्या पाठीला म्हणाला. "रोज ठरवायचो, आज सांगू. तुम्ही बसायचात आणि झोपायचात. उठवणं माझ्याने झालं नाही."

आत्या वळली. तिचा चेहरा मी ओळखला. पेशंटच्या नातेवाइकांची चौकशी करतानाचा होता तो.

"किती वेळात झोप लागते मला?"

तो गोंधळला, पण उत्तर तयार होतं. "चार मिनिटं. घड्याळ समोरच आहे ना."

"आधी काय होतं?"

"डावा हात सैल पडतो. मग चष्मा घसरतो. पडायच्या आत मी काढून मांडीत ठेवायचो."

"बोलते का मी?"

"नाही," तो म्हणाला. "एकदा हसलात. बस."

तो निघायला लागला तेव्हा आत्या म्हणाली की थांबा, दुरुस्त केलाय तर चालतो की नाही हे बघूनच जा. मी त्याच्यासाठी स्टूल सरकवलं. ते त्याला फार लहान होतं.

ट्रे आत गेला. हिरवा दिवा लागला, आणि या वेळी आवाज वेगळा होता, एकसारखा, वर वर चढत जाणारा. पडद्यावर खिडकी उघडली. आत्याने माझं मनगट धरलं.

चित्र लहान आणि धुरकट होतं. छताला लावलेल्या कॅमेऱ्यातून दिसणारी खोली, निळसर पडदे, पलंग, आणि पलंगावर डोक्यातून तारा निघालेली एक सडपातळ मुलगी. ती माझ्याहून लहान होती. आवाजही होता: पंख्याचा, आणि दूर कुठेतरी ढकलगाडीची चाकं. मुलीने दोनदा कूस बदलली. मग हाताची मूठ सुटली आणि श्वास लांब झाला. आत्या पुढे झुकून आपलंच कपाळ बघत होती.

कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत होतं. पाच मिनिटं, दहा, पंधरा. आम्ही तिघंही तिच्या ओठांकडे बघत होतो. ओठ हलले नाहीत. अठरा मिनिटं झाली, एकोणीस झाली. ती मुलगी झोपली होती, दुसरं काहीच करत नव्हती.

विसाव्या मिनिटाला दार उघडलं. मोठ्या बाई आत आल्या. वरून त्यांचा घट्ट अंबाडा आणि खांदे तेवढे दिसत होते. उठवायला म्हणून त्यांनी हात पुढे केला. हात मुलीच्या खांद्यावर टेकायच्या आधीच थांबला आणि तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला. खिडकीचा पडदा आणखी ओढून घेतला. पायाशी पडलेलं पांघरूण उचलून अंगावर घातलं, एक तार त्याखाली दबली होती ती सोडवली, आणि पलंगाजवळच्या स्टुलावर पाठ ताठ ठेवून बसल्या.

त्या तशाच बसून राहिल्या. आम्ही चित्र पुढे ढकललं नाही. खोलीतला उजेड कमी होत गेला, पडद्याच्या फटीतून आलेली रेघ भिंतीवरून चढत गेली. एक तास दहा मिनिटांनी मुलीने स्वतःहून डोळे उघडले. त्याच्या जरासं आधी बाई उठून बाहेर गेल्या होत्या. मुलगी छताकडे बघत पडली, मग थेट कॅमेऱ्यात बघून हसली, आणि चित्र संपलं.

"एक शब्द नाही," आत्या म्हणाली. "एकसुद्धा नाही."

तिने फोन उचलला आणि नंबर न शोधता लावला. तिला तो पाठ होता हे मला माहीत नव्हतं. पलीकडून आवाज आला तेव्हा तिने मला आणि चिमट्याला ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवला. का ते मी तिला कधी विचारलं नाही. मोठ्या बाईंचा आवाज म्हातारा पण खणखणीत होता.

"बाई, मी बोलले नव्हते."

"बघितलीस म्हणजे," बाई म्हणाल्या. "स्वतःची झोप बघायची नाही असं सांगितलं होतं."

"तुम्ही खोटी नोंद केलीत."

"आयुष्यात एकदाच केली. वीस मिनिटांपुढे चाचणी चालू ठेवायची तर कारण लिहावं लागायचं. झोपेत बोलणं हे एक कारण चालायचं. दुसरं म्हणजे आकडी. आता तुला आकडी आली असं लिहायचं का मी? नोकरी गेली असती तुझी."

आत्याला हसू आलं. तिने विचारलं, का.

"त्या दिवशी सकाळी तू स्वेटर उलटा घालून आली होतीस. हाताला औषधांचा वास होता. तुझी आई अंथरुणाला खिळलेली होती, हे तू कोणाला सांगितलं नव्हतंस. मलासुद्धा नंतर कळलं. तारा लावताना तुझे डोळे बघितले, म्हटलं, ही पोरगी महिनाभर झोपलेली नाही. चार वेळा झोप आली नाही, कारण घाबरली होतीस. पाचव्या वेळी आली. उठवायला आले होते मी. हात पुढे केला होता. माझ्याने झालं नाही."

आत्याने चिमट्याकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"मग सांगितलं का नाहीत? इतकी वर्षं विचारत होते."

"सांगितलं असतं तर तू लाजली असतीस आणि मीही. त्यापेक्षा तू काय बोललीस याचा विचार करत राहिलीस, तेच बरं होतं. ते जाऊ दे. आता झोपतेस का दुपारची?"

"झोपत होते. मधे दहा दिवस."

"किती मिनिटांत लागते?"

"चार."

"चार?" मोठ्या बाई करड्या आवाजात म्हणाल्या. "पाचच्या आत म्हणजे आजार गं. विसरलीस का सगळं? तपासून घे."

त्यानंतर त्या दोघी तासभर बोलल्या. मी आणि चिमट्याने स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा घेतला.

आत्या खरोखर तपासून घ्यायला गेली. तिच्याच जुन्या विभागात, सकाळी नऊला, पेशंट म्हणून. सही करायचा कागद तिने दोनदा वाचला. तारा चिकटवणाऱ्या नव्या तंत्रज्ञ मुलीने बोटभर पेस्ट घेतली. आत्याने तिला पेस्ट किती घ्यायची ते एकदाच सांगितलं, मग डोळे मिटून गप्प पडून राहिली. पाचही वेळा तिला झोप आली नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं की दिवसा झोप येण्याचा कोणताही विकार आढळला नाही.

तो कागद घेऊन ती परस्पर जिन्याखालच्या दुकानात गेली. मी बरोबर होते. चिमट्याने हात पुसून कागद घेतला, दिव्याखाली धरला आणि खालपर्यंत वाचला. मग घडी घालून परत दिला.

"मशीन तपासायला हवं त्यांचं," तो म्हणाला. "बसा ना."